आपोआप उडालेलं पिस्तूल

अब्बा, तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली आणि मी आज लिहायला बसले आहे. मराठीतच लिहिते, कारण तुम्ही मला मराठी शाळेतच घातलंत आणि मनातलं मला याच भाषेत मांडता येतं. नवरा वारल्यावर मी तान्ह्या मुलाला घेऊन नाशकात तुमच्याकडे परत आले तेव्हा सव्वीस वर्षांची होते. तुम्ही बंदुका दुरुस्त करायचात, पण नजर अधू झाली होती आणि बारीक स्प्रिंगा बसवायला माझी बोटं लागायची. बिरादरीत लोक बोलले, तरी तुम्ही मला मागच्या पडवीत शेजारी बसवून काम शिकवलंत. इतकं मला दुसऱ्या कुणी दिलं नाही. हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं सांगता सांगता ते राहून जाईल.

त्या दुपारी पेठ तालुक्याकडचा जंगलाचा ठेकेदार दोन पिस्तुलं घेऊन आला. एक अमेरिकेतलं, जाडजूड. दुसरं जर्मन, लहान आणि देखणं. त्याला एकच ठेवायचं होतं. "मिस्त्री, भरवशाचं कोणतं?" त्याच्याबरोबर पेटी उचलायला एक लाकूडतोड्या आला होता, सुरगाण्याच्या डोंगरातला, चाळिशीचा माणूस. त्याने माझ्याकडे पाणी मागितलं आणि तांब्या परत देताना तो स्वतःच्या मुंडाशाने पुसून दिला.

तुम्ही दोन्ही पिस्तुलं फडक्यावर खोलता. जाड्या पिस्तुलाचे भाग एकमेकांत सैल बसतात, हलवलं की खुळखुळतं. तुम्ही त्यात चिमूटभर धूळ टाकता आणि परसातल्या मातीच्या भिंतीवर सात गोळ्या झाडता. सातही सुटतात. लहान्याची घडण इतकी घट्ट की मध्ये केस जाणार नाही. त्यात धूळ पडताच तिसऱ्या गोळीला रिकामं काडतूस अडकून बसतं. "जंगलात जाडं न्या मालक," तुम्ही म्हणता. मग लहान्याची काडतुसं काढून ते साफ करता, घोडा ओढून ठेवता आणि तसंच तीनदा फरशीवर आपटता. घोडा पडत नाही. "हे अडकेल, पण आपलं आपण कधी सुटणार नाही. घोडा धरून ठेवणारा याचा खटका मी पाहिलेल्यांत सगळ्यात पक्का."

मी लहान्याचं मॅगझिन गोळ्यांनी भरून दिलं. ठेकेदाराने एक गोळी भिंतीवर झाडली, मॅगझिन पिस्तुलाच्या मुठीतून काढून खिशात टाकलं आणि पिस्तूल त्या लाकूडतोड्याच्या कपाळाला लावलं.

"जंगलसाहेबाला चोरीच्या सागाचं काय सांगितलंस, ते यांना पण सांग."

तो माणूस हात जोडून उभा राहिला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग तुमच्याकडे.

तुम्ही ओरडलात, "मालक, मॅगझिन काढलं तरी एक गोळी नळीत असते!"

"माहीत आहे," तो म्हणाला आणि चाप ओढला.

भिंतीवर, तुमच्या दाढीवर, माझ्या हातातल्या तांब्यावर रक्त उडालं. तो माणूस मागे पडला नाही, गुडघ्यांवर बसला आणि मग कलंडला. त्याचे पाय बराच वेळ माती उकरत होते. ठेकेदाराने ते गरम पिस्तूल तुमच्या हातात ठेवलं. "मिस्त्री, हे आपोआप उडालं. खटका झिजलेला होता, तुम्हीच तपासत होता." मग माझ्याकडे बघत म्हणाला, "लेक तरुण आहे तुमची. माझी माणसं दारू प्यायली की माझंही ऐकत नाहीत."

पोलीस यायच्या आधी तुम्ही खटका झिजवलात. प्रेत परसात होतं, त्यावर माशा बसायला लागल्या होत्या आणि तुम्ही पडवीत बसून कानस चालवत होता. दिसत नव्हतं म्हणून पिस्तूल अगदी डोळ्याशी धरलं होतंत. मी म्हटलं, "अब्बा, नका." तुम्ही वर पाहिलं नाही.

कोर्टात मी बुरख्यात मागे बसले होते. टेबलावर दोन्ही पिस्तुलं होती. जज्जने विचारलं, यांत फरक काय? तुम्ही पडवीत सांगितलं होतं तसंच सगळं समजावून सांगितलंत, खटक्यापर्यंत. तिथे मात्र म्हणालात, "लहान्याचा खटका कच्चा, साहेब. धक्का लागला तरी उडतं." त्या माणसाची बायको दाराशी उभी होती. ठेकेदाराकडे तिने बघितलंही नाही. तुम्ही बाहेर आलात तेव्हा ती तुमच्यासमोर आली आणि एवढंच बोलली, "तू होतास ना तिथं?" तुम्ही चपला न घालताच चालायला लागलात. ठेकेदार दंड भरून सुटला.

दुसऱ्या दिवशी मी तुमची ती कानस गोदावरीत टाकली. तुम्ही मला थोबाडीत मारलीत, आयुष्यात पहिल्यांदा. ओठ फुटला. मी रक्त पुसलं नाही, तशीच उभी राहून म्हणाले, "ठेकेदाराने त्या माणसाला एकदा मारलं, अब्बा. तुम्ही दुसऱ्यांदा मारलंत." त्यानंतर तुम्ही बंदुकीला हात लावला नाही, कुलपं आणि किल्ल्या करत राहिलात. चार वर्षं मी तुम्हाला जेवायला वाढलं, औषध दिलं, शेवटी तोंडात पाणीही घातलं. पण मोकळेपणाने एक शब्द बोलले नाही. तुम्हाला तो बोल लागला होता, हे मला दिसत होतं. लागावा म्हणूनच मी तो बोलले होते.

माझ्या नातवाला तुमच्या कबरीपाशी हे वाचून दाखवायला सांगणार होते. आता नाही सांगणार, कारण एक गोष्ट त्यालाही कळायला नको. त्या संध्याकाळी तुम्हाला जबाबासाठी ठाण्यावर नेलं होतं, तेव्हा फौजदार एकटाच परत आला होता. तरुण होता, नीट बोलणारा. दाराबाहेरच थांबला आणि म्हणाला, "बाई, मला ठेकेदाराचं म्हणणं पटत नाही. तुम्ही काही पाहिलंत का? तुम्ही सांगितलंत तर मी लिहून घेतो." मी दाराआडून म्हणाले, "मी आत भाकऱ्या करत होते." मी दार लावून घेतलं.