यंदा शिबिराला गेले नाही

मुलुंड

प्रिय ताई,
नमस्कार. आधीच सांगते, माझी तब्येत चांगली आहे. अक्षर वाकडं दिसेल, कारण उजवा हात जरा थरथरतो. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे. तू मनावर घेऊ नकोस. तुझा गुडघा कसा आहे?

कर्जतचं चित्रशिबिर दरवर्षी मीच भरवते, पण यंदा सगळं गार्गीवर सोपवलं. असा हात घेऊन लोकांना ब्रश धरायला काय शिकवणार? तिला बजावलं, "अगदी अडलंस तरच फोन कर."

फोन काही येईना. विद्याधर म्हणाला, "चार्जिंग कितीदा बघशील?"

काल एकदाचा गार्गीचा फोन आला. मी आधी चप्पल घातली, मग फोन उचलला.

"काकू, चहाची गाळणी कुठे ठेवलीय?"

"निळ्या पिंपात बघ. आणि बाकी?"

"मिळाली. बाकी झकास चाललंय, काकू."

फोन ठेवला आणि मी स्वयंपाकघरात रडत बसले. विद्याधर घाबरला. "काय गं, गाळणी सापडली नाही का?"

"सापडली," म्हटलं, "तेच ना."

शिबिर संपेपर्यंत इथे काही राहवणार नाही, म्हणून रविवारी तुझ्याकडे रत्नागिरीला येते. दाजींना नमस्कार सांग, आणि माझ्यासाठी काहीतरी काम काढून ठेव.

तुझी,
शुभा