पाण्याची गाठ

३ सप्टें.
पोटात डावीकडं दुखतंय, पाचवा दिवस. खासगी डॉक्टरनं सोनोग्राफी केली. अंडाशयावर गाठ. गर्भपिशवीच काढा म्हणे, नाहीतर कॅन्सर होईल. ह्यांचा चेहरा पांढराफटक. मी सत्तावीसची.

४ सप्टें.
सासूबाई म्हणतात, काढून मोकळी हो. त्यांची काढलेली, वस्तीवरच्या कितीतरी बायांची काढलेली. मुकादमही तेच सांगून गेला. दसरा झाला की ट्रक निघणार, ऊसतोडीत पाळीचा खाडा नको. माझ्या पोटाची त्यालाच जास्त काळजी!
मला अजून एक लेकरू हवंय. बोलले नाही कुणाला. ह्यांना न सांगता कळतं.

९ सप्टें.
अंबाजोगाई, सरकारी दवाखाना. हे आणि मी; सासूबाई हट्टानं सोबत, धपाटे बांधून. डॉक्टरबाई म्हणाल्या, साधी पाण्याची गाठ, बहुतेक वेळा आपोआप विरते. पिशवीला हात लावायचा नाही. दोन महिन्यांनी परत सोनोग्राफी. वाढली तर गाठ तेवढी काढू. एकदम जोरात दुखलं, उलट्या झाल्या तर तडक यायचं. मी म्हटलं, गाव टँकरची वाट बघतंय आणि पाणी साठलं माझ्या पोटात. हे हसले, किती दिवसांनी.
माझी तर काढली, सासूबाई म्हणाल्या. बाईंनी विचारलं, तुमची कशासाठी काढली? त्या धपाट्यांचं फडकं बांधू लागल्या. परतीच्या बसमध्ये दिंद्रुडचा थांबा आल्यावर म्हणाल्या, "मला बी गाठच सांगितली व्हती. परत कुणी बघितलंच न्हाई."
मी हात धरला. लई माया आली त्यांची.

१८ ऑक्टो.
मुकादम आला. मी येणार नाही म्हटलं. नवराबायको मिळून एक कोयता, अर्धा कसा नेऊ म्हणाला. सासूबाई चुलीपुढून उठल्या. "अर्धा कामून? मी हाय की. सुनेला दवाखान्याची तारीख हाय."
आम्ही दोघंही भांडलो त्यांच्याशी. ऐकतील तर शपथ.

२२ ऑक्टो.
ट्रक गेला. सासूबाई कंबर धरून चढल्या. ह्यांनी वर ओढून घेतलं. मी रडले.

१० नोव्हें.
अंबाजोगाई. सोनोग्राफीसाठी तांब्याभर पाणी पिऊन बसलेय, लघवी रोखून.
सकाळी उसाच्या फडातून सासूबाईंचा फोन. दुखतंय का? न्हाई म्हटलं. तुमाला?
"माझं राहू दी. आधी तुझं बघ."
हंगाम संपला की त्यांना इथं आणणार. नाही म्हणाल्या तरी.
नाव पुकारलं.