दरवाजाकडून निघालेला बाण

सोमवार, ३ तारीख
लागले एकदाची कामाला! ऑफिस चकाचक, चहा फुकट, खिडकीतून छान ऊन. मागच्या हॉलमध्ये सरकते लोखंडी दरवाजे उभे केलेत. ते चालवणारा प्रोग्रॅम इथलीच पोरं लिहितात. माझं काम झाडलोट, शिवाय प्रिंटर रोज सकाळी त्या प्रोग्रॅमचं चित्र छापतो ते भिंतीवर चिकटवायचं. नुसते चौकोन आणि बाण. चौथी शिकलेल्या बाईला त्यातलं काय कळणार, असं सगळ्यांना वाटतं. वाटू दे. माझी धाकटी बहीण गोदामात असल्याच दरवाजात चिरडून मेली. कुणामुळे, ते शोधायला आलेय मी. फरशा पुसायला नाही.

गुरुवार, ६
प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांतली एक पोरगी तोंडाची सैल आहे. म्हणाली, मावशी, सोपं असतं, चौकोन म्हणजे एकेक काम आणि बाण म्हणजे हाक. ज्याच्याकडे बाण जाईल त्यानं धावायचं. मी विचारलं, मग दरवाजाच्या चौकोनाशेजारी जागा रिकामी का? तिनं आवाज खाली आणला. तिथे 'माणूस आहे का?' असा चौकोन होता. बंद होण्याआधी दरवाजा त्याला विचारायचा. त्यात वेळ जातो, गिऱ्हाईक कुरकुरतं, म्हणून साहेबांनी तो काढून टाकायला लावला.
सापडला मेला.

सोमवार, १०
साहेब आज म्हणाला, चित्र वाकडं लावलंय, डोळे फुटलेत का मावशी. सगळे हसले. त्याची पाठ वळताच मी पेन उचललं. रिकाम्या जागी चौकोन काढला, त्यात लिहिलं 'साहेब'. दरवाजाकडून त्याच्याकडे बाण. जरा गार वाटलं.

मंगळवार, ११
माझा चौकोन आज प्रिंटरनंच छापला. माझ्याच अक्षरात, कोंबडीच्या पायांसारख्या. पोरगी म्हणते, प्रोग्रॅममध्ये असलं काही नाहीच. दुपारी साहेब बोलता बोलता उठला, आलो आलो म्हणत मागच्या हॉलमध्ये गेला. दरवाजानं त्याला मधोमध धरलं.
फरशी मीच पुसली. धाकटे, झालं गं तुझं.

बुधवार, १२
चित्रात नवा बाण. साहेबाच्या चौकोनातून निघालेला. पुढे कोरं. मी काही काढलेला नाही. फाडलं. पोरगी म्हणाली, चित्र फाडून काय होणार?

गुरुवार, १३
बाणापुढे चौकोन आलाय. 'मावशी'.

शुक्रवार, १४
घरीच बसायचं ठरवलं होतं. भाजी चिरत होते — भानावर आले तर ऑफिसच्या पायरीवर. अनवाणी. हातात सुरी तशीच.

शनिवार, १५
सुट्टी. कुणी नाही. किल्ली माझ्याकडेच — पुन्हा आलेय, कशी ते —
हॉलमधून साहेबाची हाक. मावशी, इकडे या. थांबतच नाही.
पश्चात्ताप? थू. परत काढीन तो बाण. शंभरदा.
पाय फडक्यानं टेबलाला बांधलाय. गाठ दातांनी आवळली. मार हाका, घसा फुटेपर्यंत मार, मी काही हलत ना—
टेबल सरक