अंकल म्हणजे मुळात कोण

प्रिय मामा,

तुझं पत्र काल मिळालं. लिहायच्या चार ओळी आणि त्यातल्या दोन हवापाण्यावर खर्च करायच्या, ही तुझी खोड काही जात नाही. मी मजेत आहे. आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत सध्या 'यू' अक्षर चाललंय, आणि सोमवारी माझ्या टेबलावर नेमका 'अंकल' हा शब्द आला. एकटीच हसत बसले.

मी दुसरीत होते. आईबाबांच्या अपघाताला सहा महिने झाले होते. तू गळ्यात टेप तशीच लटकवून दुकानातून धावतपळत मला शाळेत न्यायला आलास. बाईंनी विचारलं, "हे कोण गं?" मी ऐटीत म्हटलं, "माझे अंकल!" आपण घरी आलो. मग शिलाई मशीनवर बसता बसता म्हणालास, "अंकल काय, बसमधल्या कुणालाही म्हणतात. मी मामा आहे तुझा." तुला ते किती लागलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

तर ऐक. हा शब्द लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. मुळात त्याचा अर्थ एकच, आईचा भाऊ. शब्दशः पाहिलं तर 'छोटे आजोबा'! वडिलांच्या भावाला तिथे निराळाच शब्द होता. काका, मावशीचे यजमान, आत्याचे यजमान ही सगळी मंडळी मागाहून आत शिरली. बसमधला माणूस तर त्यांच्याही नंतर. म्हणजे बाईंना मी अगदी बरोबर सांगितलं होतं, नकळत का होईना. नोंद लिहिताना मी उदाहरणात तुलाच घातलं होतं. संपादक म्हणाले, "छान आहे, पण तुमच्या मामांना वगळा." वगळलं. जिवावर आलं, पण वगळलं.

आता मुद्द्याचं. तू लिहितोस, "नोंदणी लग्नात साक्षीदाराची सही काकांची घे, ते वडिलांच्या जागी. मी मागे उभा राहीन." मामा, मला गोवर आला तेव्हा दुकान आठ दिवस बंद ठेवून उशाशी बसलेला माणूस मागे कसा उभा राहील? मी काकांना फोन केला. ते म्हणाले, "बरोबर आहे पोरी. हक्क त्याचाच." तेव्हा गुरुवारी सकाळी अकराला ये. साक्षीदार म्हणून तुझं नाव मी लिहूनही आलेय. आता खोडायचं तर फॉर्म नव्याने भरावा लागेल, आणि रांगेत उभं राहायचा मला किती कंटाळा आहे, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक!

तुझीच,
बटण