सटवाजीची कुस्ती, संथ गतीने

राणीसावरगाव, ता. गंगाखेड
१४ मार्च १९७५

तीर्थस्वरूप दादा,

पंडितचा नमस्कार. आईची तब्येत बरी आहे, डोळ्यातलं पाणी तेवढं थांबत नाही. ज्वारी निघाली, कडबा अजून रानातच पडलाय. शाळेची तपासणी झाली. माझ्या चित्रकलेच्या वर्गाला साहेबांनी बरं म्हटलं.

तुम्ही मुंबईत धुवून घेतलेली फीत आणि प्रोजेक्टर मिळाला. संथ चित्र कसं आलं, असं तुम्ही दोन पत्रांत विचारलंत. चांगलं आलं. जत्रेतली कुस्ती घेताना तुम्ही सांगितलं तसंच केलं होतं. भर ऊन, सूर्य पाठीशी, कॅमेऱ्याची कळ चोपन्नवर. सेकंदाला अठराऐवजी चोपन्न चित्रं घ्यायची आणि दाखवताना अठरानेच दाखवायची, की एका सेकंदाचे तीन होतात. फीतही तिप्पट वेगाने संपते, हे तुम्ही बजावलं होतं. ते फारच लक्षात राहिलं.

आपला सटवाजी गेल्याची तार मी केली, पण कसा गेला ते धड लिहिलं नाही. जानेवारीतल्या जत्रेच्या कुस्तीत त्याच्यासमोर बौद्धवाड्यातला भगवान होता, बायनाबाईचा मुलगा. दोघं एकाच तालमीत वाढलेले. भगवानने त्याला खांद्यावरून फेकलं आणि सटवाजी मानेवर पडला. परभणीला नेताना जीपमध्येच गेला.

फौजदाराने अपघात लिहिला. गावाने मात्र ठरवलं, भगवानने मुद्दाम मान मोडली. सटवाजीचा थोरला भाऊ, आपला किशनदादा, कुऱ्हाड मांडीवर घेऊन ओसरीवर बसतो. "दिसू द्या फकस्त. तोडतोच त्याला." भगवान पिंगळीला मावशीकडं लपलाय. परवा बायनाबाईच्या छपराला कुणीतरी काडी लावली. ती तेवढी वाचली.

किशनदादाने मला विचारलं होतं, "पंडित, तुझ्या मशिनीत काय आलं रं?"

मी म्हणालो, "फीत खराब निघाली."

फीत खराब नव्हती, दादा. रविवारी दुपारी खिडकीला घोंगडी लावून मी एकट्याने पाहिली. त्या दिवशी सगळं पापणी लवायच्या आत झालं होतं, कुणालाच काही दिसलं नव्हतं. भिंतीवर ते सरकत सरकत आलं. सटवाजी भगवानच्या खांद्यावर आहे. हनुवटी छातीला टेकलेली, वस्तादाने शिकवल्यासारखी. मग ती हनुवटी उचलते. मान वळते. तो सरळ माझ्याकडं बघतो, हसतो, आणि तसाच खाली येतो. भगवानने पकड सोडलेली दिसते. त्याचा हात सटवाजीच्या डोक्याखाली जायलाय, जायलाय, पण पोचत नाही.

सटवाजी का वळला ते फितीत नाही. तिला आवाज नाही. दोघं पाठमोरे झाले होते, फीत संपत आली होती, आणि मी ओरडलो, "सटवा, इकडं तोंड कर!"

एवढ्या गलक्यात ते कुणी ऐकलं नाही. त्याने ऐकलं.

तेव्हापासून दाराशी पाऊल वाजलं की मी उठून कडी बघतो. आई विचारते, जेवत का नाहीस. काय सांगू?

काल सटवाजीच्या बायकोला, केशरवहिनीला, बोलावून दाखवलं. पदराचा बोळा तोंडात धरून ती बघत होती.

"कुनाकडं बघून हसले ते?"

"माझ्याकडं. मी हाक मारली होती, वहिनी."

तिने पदर खाली सोडला. म्हणाली, "बायनाबाईचं छप्पर जळत व्हतं, तवा तुमी कुठं व्हता?"

"घरातच."

"मोठ्या भाऊजींना दावा. तुमी न्हाई दावलं तर मी सांगते."

आज पाच वाजता शाळेत बोलावलंय. किशनदादा, पोलीस पाटील, बौद्धवाड्यातली चार माणसं. कशाला, ते कुणालाच सांगितलेलं नाही. आता चार वाजलेत. फीत यंत्रात ओवून ठेवलीय. किशनदादाचा राग तुम्हाला ठाऊक आहे. पळून जावं असं दहा वेळा मनात आलं. गंगाखेडची मोटार शाळेसमोरूनच जाते.

हे पत्र टपालात टाकूनच पडदा लावतो, म्हणजे माघार घेता येणार नाही. पत्र जपून ठेवा. मला काही झालं तर त्याचा आळ भगवानवर येऊ देऊ नका. आईला तुमच्याकडं न्या.

तुमचा भाऊ, खरं सांगायला दोन महिने लावलेला,
पंडित