शॉकअपवध

१४ नोव्हेंबर
पहिला बर्फ. गाडीची मागची चाकं घसरू नयेत म्हणून डिकीत वाळूची सहा पोती टाकली. डोरीन म्हणाली, बर्फ सरला की आठवणीने काढ. तीस वर्षं संसार करून बायकोला नवरा कळलेला नाही.

२ मे, मंगळवार
गाडी मागून बसलीय. प्रत्येक खड्ड्यात धाडकन आदळते. बंपर दाबून सोडला, तर मला जरा जास्तच झुलल्यासारखी वाटली. निदान पक्कं : मागचे दोन्ही शॉकअप गेले. शनिवारी लेकीचा, ट्रेसीचा, पदवीदान समारंभ, दोनशे मैलांवर. आमच्या घराण्यातली पहिली पदवी. डोरीनचं म्हणणं, तिच्या भावाला, व्हर्नला, नुसती दाखव तरी. मेकॅनिक आहे तो. मेव्हण्याला दाखवण्यापेक्षा मी गाडी चावून खाईन.

३ मे
नट गंजून चिकटलेत. हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात, त्याची कृपा. आधी तेल सोडलं. मग हातोडा. अंगठा काळानिळा.

४ मे, सकाळी
मोठा हातोडा आणला. आज दयामाया नाही. ठोकला, जाळला, करवतीने कापला. एक नट ठार! डोरीनने विचारलं, या शिव्या चर्चपर्यंत ऐकू जायलाच हव्यात का.

दुपारी
स्प्रिंग दाबून धरायचा क्लॅम्प दुकानातून वापरायला आणलाय. सोबत सूचनांचा कागद. नवशिक्यांसाठी असतो तो.

पाच मिनिटांनी
स्प्रिंग सुटली. गॅरेजची खिडकी गेली, डोरीनची कुंडी गेली, मग माझी बरगडी. संतापून गाडीला लाथ घातली. गाडीला काही झालं नाही.

५ मे
दोन्ही नवे शॉकअप बसवले. फत्ते! जॅक काढला. गाडी पुन्हा मागून बसली. हल्ली नवा मालसुद्धा भिकार येतो.

६ मे, सकाळी
डोरीनने व्हर्नला बोलावलंच. तो गाडीखाली वाकलासुद्धा नाही. डिकी उघडली आणि विचारलं, काय दाजी, अजून बर्फ पडायचाय का?
मग वाकला. म्हणाला, जुने शॉकअप धडधाकट होते, आणि हातोड्याने ब्रेकची नळी फोडलीय. गाडी जागची हलवू नका.
व्हर्नच्या ट्रकला दोनच सीट. डोरीन गेली. रिकामा ट्रक मागून उडतो म्हणून त्याने माझी सहाही पोती मागे टाकून नेली. म्हणजे लेकीच्या पदवीदानाला वाळू गेली, बाप नाही.

दुपारी २
आत्ता ट्रेसीचं नाव पुकारलं असेल. गॅरेजमध्ये एकट्यानेच टाळ्या वाजवल्या. बरगडी फार दुखली.