पाताळाच्या मातीचे बैल

६ जुलै १९७६, मंगळवार

आज आलेलं — गूळ दोन किलो, पाच रुपये. हरभरा डाळ एक किलो, तीन रुपये. कापूस आठ आण्यांचा. आणि नानासो भावजींची पेटी, गोव्याहून एस.टी. पार्सलनं. भाडं त्यांनी तिकडंच भरलेलं, पण उंब्रज स्टँडवरून घरापर्यंत हमाली एक रुपया! एवढ्यात हमाल दोन दिवस जेवायलाही राहिला असता.

पेटीत चार पत्र्याची नळकांडी. दुधीभोपळा उभा चिरावा तशी अर्धी-अर्धी चिरलेली, प्लास्टिकच्या कागदात घट्ट गुंडाळलेली. आत माती! राखी-हिरवट, लोण्यासारखी मऊ, एक खडा नाही.

माझे धाकटे दीर शब्दाचे पक्के. गेल्या बेंदराला कुंभाराचे बैल पूजेआधीच तडकले, तेव्हा मी म्हटलं होतं, "भावजी, तुम्ही समुद्राच्या संस्थेत आहात, वहिनीला चांगली माती तरी पाठवा." म्हणाले होते, "पाठवतो की वैनी." वर्षभर लक्षात ठेवलं! चिठ्ठी मात्र नाही. नसू दे. माती हीच चिठ्ठी.

हे म्हणाले, "समुद्राची हाय, खारट आसंल. चाटून बघ."

चाटली. खारट आहे.

७ जुलै, बुधवार

माती मळली. तडा जाऊ नये म्हणून कापूस घातला, थोडं पाणी. तीन नळकांडी लागली. चौथं तसंच गुंडाळून धान्याच्या कोठीमागं ठेवलं — पुढच्या वर्षाला होईल. सहा बैल झाले. शिंगं जोंधळ्याच्या काड्यांची.

सासूबाई टेकून बसल्या होत्या. "सुले, ह्यो पुढचा डावा माझ्या नान्यागत दिसतोय. गरीब." मग नेहमीचं — "नान्याला पर्मनंट कवा करत्यात गं? लोणंदची मानसं थांबल्यात."

लोणंदच्या पाहुण्यांचं म्हणणं सरळ आहे. मुलगी देऊ, पण नोकरी कायमची झाल्यावर. भावजींना एकोणतिसावं लागलं. सासूबाईंनी त्यापायी गुरुवार धरलाय, मी सोमवार. ह्यांनी काहीच धरलेलं नाही.

१० जुलै, शनिवार. बेंदूर.

गेरू, चुना, झुली. गोठ्यातल्या बैलांना आधी ओवाळलं, मग मातीच्या. पुरणपोळीचा नैवेद्य. एकही तडकला नाही! गल्लीतल्या बायका बघायला आल्या. रंगुबाईंनी तर शिंग ओढून बघितलं. बघू दे. जळतात.

११ जुलै, रविवार

पोळ्या उरल्या. दुधात कुस्करून खाल्ल्या. वाया काही नाही.

१५ जुलै, गुरुवार

अंगावरचा चिखल धुऊन लिहायला बसले.

भावजींचं पत्र आलं — पेटीबरोबर टाकलेलं, नऊ दिवस कुठं फिरत होतं ते टपालखात्याला माहीत! लिहितात —

'वैनी, पेटी पोचली असेल. मला अचानक बोटीवर जावं लागतंय म्हणून घाईनं पाठवली. सावलीत ठेवावी. उघडू नये. आत समुद्राच्या तळाला भोक पाडून काढलेला गाळ आहे. वरचा थर अलीकडचा, सगळ्यांत खालचा साडेतीन कोटी वर्षांचा. पृथ्वीच्या दक्षिण टोकाला बर्फ कधी वाढला, आणि तिथलं गार पाणी तळातळानं आपल्या समुद्रात कधी आलं, ते या थरांच्या क्रमावरून कळायचं आहे. हे काम नीट झालं की साहेब मला पर्मनंट करणार. १८ तारखेला येऊन पेटी पुण्याला नेतो.'

'क्रमावरून' खाली दोन रेघा!

देवा! मी क्रमच मळला. साडेतीन कोटी वर्षं कापूस घालून मळली!

तेवढ्यात आठवलं — बेंदराला पाच दिवस झाले. आमच्याकडं बैल पाच दिवस कोनाड्यात ठेवतात, मग उसाच्या पाटात सोडतात. कोनाडा रिकामा! हे सकाळीच परात डोक्यावर घेऊन मळ्यात गेले होते. मी तशीच धावले, पायात काही नाही, हातात पत्र. बांधावरून ओरडले, "आवं, सोडू नका! पर्मनंट हाय ते!"

ह्यांना काय कळणार? फौजेतून सुभेदार होऊन आलेला माणूस, हातात घेतलेलं काम पुरं करतो. दुसरी जोडी माझ्या डोळ्यांदेखत पाण्यात ठेवायला वाकले. मी परातच ओढली. दोघंही चिखलात. एक जोडी विरघळून गेली होती, दोन वाचल्या.

हे चिखलातून उठत म्हणाले, "बैलं खरी आस्ती तर येवडी पळाली नस्तीस."

१६ जुलै, शुक्रवार

भावजींच्या पत्रात मागच्या बाजूला आणखी आहे. ती माती म्हणजे निम्मी नुसती बारीक जीवांची कवचं आहेत. डोळ्यांना न दिसणारी. कोट्यवधी मेलेले जीव! आणि मी त्यांना नैवेद्य दाखवला. घरात सुतक तर नाही ना आलं? आणि चाटली ती वेगळीच.

भटजींना विचारून आले. त्यांनी पंचांग मिटलं, चष्मा काढला. म्हणाले, "सुलाबाई, साडेतीन कोटी वर्षांपूर्वी गेलेल्यांचं सुतक मलाच काय, माझ्या पणजोबांनाही सांगता आलं नसतं. तुम्ही भाऊबंद नाही. आंघोळ करा आणि गप्प बसा."

आंघोळ केली. गप्प बसवत नाही.

सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. त्या लोणंदला पत्र धाडायचं म्हणतात.

१८ जुलै, रविवार

भावजी आले. पाय धुतले, चहा घेतला. "वैनी, पेटी कुठाय?"

मी परात पुढं ठेवली.

"हे काय?"

"बैल."

"ते दिसतंय." एक उचलला. "ह्यात पांढरं काय?"

"कापूस. तडा जात नाही."

"आणि तांबडं?"

"गेरू."

"पाठ चिकट कशानं?"

"नैवेद्याचं तूप सांडलं."

सासूबाई आतून, "नान्या, वैनीला बोलू नगंस रं. लय देखणं झाल्यात."

तोंड पाडून सगळं सांगितलं. सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. भावजी हसायला लागले, ठसका लागेपर्यंत. मग हातातला बैल जपून परातीत ठेवला. हसले ते चाललं असतं. बैल एवढा जपून ठेवला ते मला लागलं. रागावले असते तर बरं होतं.

कोठीमागचं चौथं नळकांडं आणून दिलं. त्यांनी नळकांड्यावरचा आकडा वाचला. "हा वरचा भाग. पुष्कळ नंतरचा. नेमका बर्फ वाढतो तेवढाच बैलांत गेला."

जेवण झाल्यावर म्हणाले, "वैनी, काय मळलंत ते ऐका तरी." फार पूर्वी दक्षिणेच्या टोकाची जमीन बाकीच्या जमिनींना जोडलेली होती. ती सुटी झाली, मध्ये समुद्राला वाट मिळाली, आणि पाणी त्या जमिनीभोवती गोल फिरू लागलं. फिरतं पाणी बाहेरचं ऊन पाणी आत येऊ देईना. त्यानं जमीन गारठली, बर्फ बसला, असं काही शास्त्रज्ञ म्हणतात. सगळ्यांना पटलेलं नाही, म्हणून तर हा गाळ. बर्फाशेजारचं पाणी गार, खारट आणि जड. ते तळाला बसतं आणि सरकत सरकत इकडं येतं.

मला कळलं. घंगाळात वर ऊन पाणी असतं आणि तळाला बोटं गारठतात, तसंच.

हे म्हणाले, "बर्फ मी बगितलाय, लडाखला. तितं पानी बाटलीतनं सरकत न्हवतं."

मला मात्र भरून आलं. इतकी वर्षं पाणी त्या जमिनीला प्रदक्षिणा घालतंय, अजून थांबलेलं नाही! मला पिंपळाला अकरा घालताना गुडघे धरावे लागतात. आणि त्या पाण्याची खूण माझ्या हातात आली तर मी तिला शिंगं लावली.

१९ जुलै, सोमवार. उपास.

भावजी चारही बैल पेटीत घालून घेऊन गेले. पुण्याला नाही, परत गोव्याला. साहेबांना खरं सांगणार म्हणतात. मी म्हटलं, "उंदरांनी खाल्ली म्हणून सांगा." म्हणाले, "उंदीर माती खात नाहीत वैनी."

आमचे खातात.

३१ जुलै, शनिवार

पत्र आलं. साहेबांनी बैल टेबलावर ओळीनं मांडले. मग म्हणाले, "शिंगं कशाची?" "जोंधळ्याची." "पोळा तर अजून लांब आहे?" "आमच्याकडं बेंदूर असतो." मग सगळा बेंदूर समजावून घेतला. पर्मनंटचं नाव काढलं नाही.

सासूबाईंनी लोणंदचं पत्र फाडलं. भाकरी निम्मीच खाल्ली.

१९ ऑगस्ट, गुरुवार

काय लिहू! नळकांडी उभी चिरलेली होती ना — दुसरा अर्धा भाग अमेरिकेत आहे, बोट ज्यांची त्यांच्याकडं. बैलांत गेलेला भाग आता तिथंच बघायला मिळणार. कुणीतरी जायला हवं. खर्च ते लोक करणार. साहेबांनी नाव दिलं भावजींचं — "ज्याच्या घरच्यांनी मळला, तोच जाऊन निस्तरेल!"

वर्षभरासाठी!

सासूबाई आधी हसल्या, मग पदर डोळ्याला. "सुले, तुज्या बैलांनी पोरगं पार वढून न्हेलं गं."

२ सप्टेंबर, गुरुवार

लोणंदकरांनी मुलगी दुसरीकडं दिली. वर्षभर थांबत नाहीत म्हणाले. माझ्यामुळं.

१२ सप्टेंबर, रविवार

भावजी गेले. लाडू दिले, लोणचं दिलं. ह्यांनी फौजेतला लोकरीचा कोट दिला. पाया पडताना भावजी हळूच म्हणाले, "वैनी, एक बैल ठेवून घेतलाय. साहेबांनी उरलेले परत दिलेच नाहीत."

सोमवार सोडलेला नाही. दोन गुरुवारही वाढवलेत.

२९ जून १९७७, बुधवार

आलेलं — अमेरिकेहून पार्सल. पैसे काही पडले नाहीत, पोस्टमनला चहा दिला. आत डबा, डब्यात माती. तीच, राखी-हिरवट! चिठ्ठी आधी शोधली, मगच प्लास्टिक सोडलं. शिकले मी.

'वैनी, ही तपासून झालेली. क्रम लागला. गार पाणी कधी आलं ते सापडलं, साहेबांनी पर्मनंटचा कागदही धाडला. आता खुशाल मळा. यंदा बैलांमागं गाडी करा, आणि गाडीत दोघांना बसवा.'

सासूबाईंना वाचून दाखवली. त्या ताडकन उठल्या. "दोगं? नान्या आनि दुसरं कोन?"

उद्या बेंदूर. मळून ठेवलंय. गाडी झाली, भावजी झाले. दुसऱ्या बाहुलीपाशी हात अडलाय — लुगडं नेसवायचं की काय नेसवायचं? लगेच पत्र लिहिलं —

'माती पोचली. बाई कोण? कुणाची? पुरण खाते का? उलट टपाली कळवावे.'